परत येणारा उजेड

तिसरा मजला, परळ. खिडकीला काळं कापड.
लालबागच्या शिंप्याने विचारलं होतं,
"मयताला का मोर्चाला?"
मी म्हटलं, "उजेडासाठी."
त्याने दोन मीटर जास्तच फाडलं.

सकाळी आधी पांढरी फरशी मोजायची,
मग नुसता अंधार,
मग अगारमध्ये थिजवलेलं स्निग्ध दूध
आणि काळ्या शाईचे मोजून थेंब: खोटं मांस.
डबीवर मी लिहितो, खाऊ नये.
तरी गोविलकर शिपाई एकदा चमचा घेऊन आला होता.

एक तंतू उजेड आत सोडतो.
दोन मिलिमीटरवर दुसरा, काहीही न करता,
वाट बघत बसतो.
मधे काय होतं ते कुणी पाहिलेलं नाही.
पेशींच्या भिंतींवर आपटत, वळत,
काही किरण रक्तात मुरतात,
काही खोल जाऊन तिथलेच होतात,
आणि हजारातले चार-दोन
रस्ता चुकले म्हणूनच
शेजारच्या दारातून बाहेर येतात.
त्यांना विचारून
आपण घराचा नकाशा काढायचा.

नंबर सत्तेचाळीस. जानकाबाई नाखवा, शिवडी.
चाळीस वर्षं मशेरी.
डाव्या गालाच्या आत पांढरा डाग,
जुन्या आठ आण्याएवढा.

"दुखंल का रं?"
"नाही मावशी. उजेडच आहे फक्त."
"उजेड पन दुखतो. डोलं आल्यावर बग."

प्रोब टेकवायचा, दाबायचा नाही.
दाबलं की रक्त बाजूला सरकतं
आणि आलेख खोटं बोलायला लागतो.
हे कुठल्या पुस्तकात नीट लिहिलेलं नाही,
हात शिकतो, सहाशे गालांनंतर.

उजव्या गालावर रेघ चढली,
पाचशे बेचाळीसला खाली गेली,
सत्त्याहत्तरला पुन्हा.
"ह्ये दोन खड्डं कसलं?"
"तुमचं रक्त, मावशी. तेवढा उजेड ते गिळतं."
मग डावा गाल. मग डाग.
ती पडद्याकडेच बघत होती, तोंड उघडं, मान तिरकी.
रेघ आली ती जवळजवळ सपाट.
मी काहीच बोललो नाही.
प्रोब काढल्यावर तीच म्हणाली,
"गाल भरला. आमच्या खाडीवानी."

गाळ म्हणाली असावी.
मला गाल ऐकू आलं.

मग पाण्याचा घोट घेऊन:
"ताजा बोंबील कसा असतो, ठावं हाय?
काचेवानी. बोट धर मागं, बोट दिसतं.
दुपारपरतीर त्याचं दूध होतं.
तुजं मशीन त्येच बगतं ना?"
"तेच."
"मग किती वरसां लागली ह्ये शिकायला?"
"नऊ."
ती हसली, चांगलं पोटातून,
आणि बारावं मोजमाप गेलं.
वहीत तिथे लिहिलंय: हालचाल.

"काय दिसलां?"
"अभ्यास चालू आहे अजून. डॉक्टर तुकडा घेतील,
मग कळेल."
तिने पदर खोचला.
"शिला माल असला की मी पन
गिऱ्हाइकाच्या डोल्यांत बगत नाय."

मंगळवारी तिची तारीख होती. आली नाही.
अठ्ठेचाळीस आला, एकोणपन्नास आली,
पन्नासाव्याला फायबर कोपऱ्यात जास्त वाकली
आणि वाकल्या जागेतून
थोडा उजेड सांडत राहिला, लाल, टेबलाच्या कडेवर.

शुक्रवारी एक पोरगा पिशवी ठेवून गेला.
"आजीनं दिलंय. काचेवानी हायत, म्हनाली."
आजी कशी आहे विचारेपर्यंत
तो जिन्याच्या वळणावर पोचला होता.

दार लावून घेतलं. कापड ओढलं.
एक बोंबील वर्तमानपत्रावर ठेवला,
त्याच्या अंगातून खालच्या बातमीची अक्षरं वाचता येत होती.
प्रोब टेकवला, पिसासारखा.
दिवा लावला.

परत जवळजवळ काहीच आलं नाही.
सगळा उजेड खालच्या अक्षरांवर जाऊन पडला होता.